घाटमाथ्यावरील गर्दीचे गाव : लोणावळ्याच्या उत्पत्तीचा विचार

पुण्याहून मुंबईकडे जाणाऱ्या जुन्या मार्गाने देहूरोड मागे टाकून पश्चिमेस निघाले म्हणजे तळेगाव दाभाडे येण्यापूर्वी सोमाटणे लागते. येथून लोणावळा तीस-पस्तीस किलोमीटरांवर आहे. दोन्ही गावे मावळातली, दोन्ही एकाच प्राचीन वाटेवरची. १८३० साली मुंबईचे गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी बोरघाटातील गाडीरस्ता वाहतुकीस खुला केला, तेव्हा तो रस्ता दोन्ही गावांना सारखाच उपलब्ध झाला. १८५८ साली खंडाळा-पुणे लोहमार्ग सुरू झाला, तोही दोघांच्या जवळून गेला. असे असता एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोणावळ्याचे शहर झाले आणि सोमाटणे मात्र पुढील शंभर वर्षे शेतीवर जगणारे खेडेच राहिले. हा फरक कशामुळे पडला, या प्रश्नाचे उत्तर शोधू लागले असता लोणावळ्याच्या उत्पत्तीविषयी रूढ असलेली कथा तपासणे भाग पडते. ती कथा टिकत नाही, आणि ती ज्यांना झाकून टाकते त्या माणसांचा विचार केल्याशिवाय या गावाचा इतिहास लिहिता येत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

डोंगरात अकस्मात उभ्या राहणाऱ्या शहरांचा जो एक प्रकार जगाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे, तो सोन्याच्या शोधातून निर्माण झालेल्या वसाहतींचा होय. जानेवारी १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात सटर याच्या लाकूडगिरणीजवळ सोन्याचे कण सापडले. त्या वेळी सॅन फ्रान्सिस्को हे हजारएक वस्तीचे गाव होते. दोन वर्षांच्या आत तेथील वस्ती पंचवीस हजारांच्या घरात गेली. १८५१ साली ऑस्ट्रेलियातील बॅलरॅट येथे तोच प्रकार घडला. आपल्याकडे १८८० नंतर कोलारच्या खाणी भरभराटीस आल्या, आणि २००१ साली त्या बंद झाल्यावर तेथील वसाहतींवर ओसाडी आली. सह्याद्रीत असे घडणे शक्यच नव्हते. हा सर्व प्रदेश सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पसरलेल्या लाव्हारसाच्या थरांचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. महाराष्ट्रात सोन्याचे जे थोडे अंश आढळतात ते नागपूर-भंडाऱ्याकडील फार जुन्या खडकांत. नदीची रेती धुऊन सोन्याचे कण वेचणारे सोनझरी लोकही त्याच बाजूचे. सोमाटणे या नावाच्या आद्याक्षरावर भुलून तेथे सोने शोधण्याचेही कारण नाही. ‘सुवर्ण’ शब्दापासून मराठीत ‘सोने’ होते व त्यातील नकार दंत्यच राहतो, जसे कर्णापासून कान आणि पर्णापासून पान. सोमाटण्यातील ‘सोम’ निराळा आहे. घाटाखाली पनवेल तालुक्यात सोमटणे नावाचे दुसरे गाव आहे व त्याच नावाचे रेल्वेस्थानकही आहे, एवढे जाता जाता नोंदवून ठेवतो.

तथापि सोन्याच्या शहरांची जी खरी लक्षणे, ती सोन्यावर अवलंबून नाहीत. दुर्गम जागी अल्पावधीत अतोनात माणूस गोळा होणे, त्या माणसांच्या मागोमाग दुकानदार, सावकार, दारूवाले व रोग येणे, मजुरीवरून दंगे होणे आणि काम संपताच बहुतेकांनी नाहीसे होणे, ही ती लक्षणे होत. या दृष्टीने पाहता इ. स. १८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात जे घडले ते त्याच जातीचे होते. लोणावळ्याचे सोने म्हणजे तेथील उतार.

आता रूढ कथेकडे वळू. प्रवाशांसाठी लिहिलेल्या बहुतेक पुस्तिकांतून असे वाचावयास मिळते की, मुंबई इलाख्याचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांनी १८७१ साली लोणावळा व खंडाळा या स्थळांचा शोध लावला. एकाने लिहिले, दुसऱ्याने उतरून घेतले, आणि आता हे विधान शाळकरी मुलांच्या निबंधांपर्यंत पोहोचले आहे. वस्तुतः ते कालगणनेच्या पहिल्याच कसोटीवर कोसळते. एल्फिन्स्टन आडनावाचे दोन गव्हर्नर मुंबईस होऊन गेले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हे १८१९ ते १८२७ या काळात अधिकारावर होते व १८५९ च्या नोव्हेंबरात इंग्लंडात वारले. त्यांचे पुतणे लॉर्ड जॉन एल्फिन्स्टन १८५३ ते १८६० या काळात गव्हर्नर होते. तेही १८६० च्या जुलैत निवर्तले. १८७१ साली गव्हर्नरपदावर सर सीमोर फिट्झजेरल्ड होते. म्हणजे ज्यांनी शोध लावला म्हणावे ते दोघेही त्या साली हयात नव्हते. आणि ज्या गावाचा शोध लागला म्हणावे त्या गावातून त्यापूर्वी आठ वर्षे मुंबई-पुणे गाड्या धावत होत्या!

अशी कथा निर्माण कशी होते, हा प्रश्न भाषाभ्यासकास अपरिचित नाही. भाषेत ज्याला साम्यमूलक बदल म्हणतात तोच प्रकार येथे दिसतो. एका शब्दाची रूपे पाहून दुसऱ्या शब्दाचीही तशीच रूपे बनविली जातात, त्याप्रमाणे एका गावाची कथा दुसऱ्या गावास लागू होते. महाबळेश्वरास माल्कम यांनी १८२८-२९ च्या सुमारास आरोग्यस्थान वसविले व तेथील पेठेस त्यांचे नावही पडले. माथेरानावर १८५० साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चढून गेले. ही दोन्ही उदाहरणे कागदोपत्री सिद्ध आहेत. थंड हवेच्या प्रत्येक गावास एक साहेब हवा, असा नियम यावरून मनात बसला आणि लोणावळ्यास साहेब नव्हता म्हणून तो आणून बसविला गेला.

शोधाची कल्पनाच या मुलखात मुळात हास्यास्पद ठरते. लोणावळ्याहून अवघ्या काही मैलांवर कार्ले येथील चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी खोदले गेले. त्याच्या शिलालेखांत वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीचे नाव आहे, धेनुकाकट येथील यवनांची दानेही नोंदलेली आहेत. कोकणातील बंदरांपासून देशावर जाणारा माल याच वाटेने चढत असे. १७७९ च्या जानेवारीत इंग्रजांची फौज घाट चढून खंडाळ्यावरून कार्ल्यापर्यंत आली. तेथे कॅप्टन स्टुअर्ट पडला, उरलेली फौज तळेगावापर्यंत जाऊन मागे फिरली व वडगावास तिला तह करावा लागला. या स्टुअर्टास मराठ्यांनी ‘इष्टुर फाकडा’ केले व त्याच नावाने त्याची स्मृती आजही वडगावी आहे. परकीय नाव आपल्या तोंडास येईल तसे वळवून घेण्याचे हे उत्तम उदाहरण होय. उलट बाजूने इंग्रजांनी आपल्या नावांचे काय केले, ते लोणावळ्याच्या बाबतीत पाहावयास मिळते.

एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी कागदांत व रेल्वेच्या वेळापत्रकांत हे नाव ‘लानौली’ अशा उच्चाराचे लिहिलेले आढळते. बोरघाट हा त्यांच्याकडे ‘भोर’ झाला आणि त्यामुळे भोर संस्थानाशी त्याचा काही संबंध असावा, असा गैरसमज पसरला. लोणावळे या नावाची सर्वमान्य व्युत्पत्ती ‘लयनावली’, म्हणजे लेण्यांची ओळ, अशी दिली जाते. कार्ले, भाजे, बेडसे ही लेणी जवळपास असल्याने ती कोणालाही पटावी अशीच आहे. परंतु ध्वनिनियमांच्या दृष्टीने तिचा अर्धाच भाग ग्राह्य धरता येतो. संस्कृतातील ‘अय’चा मराठीत ‘ए’ होतो. ‘लयन’ शब्दाचे प्राकृतात ‘लेण’ झाले, नाशिकच्या शिलालेखांतही तेच रूप आहे, आणि आपण आज ‘लेणे’ म्हणतो. ‘लयनावली’पासून ‘लेणावळी’ व्हावयास हवे होते. ‘ओ’ हा ‘अव’पासून येतो : लवणापासून लोणचे, लवणापासूनच लोणार. तेव्हा लोणावळ्यातील ‘लोण’ हा ‘लवण’ शब्दाचा वंशज असणे अधिक संभवनीय आहे.

उत्तरपदाचा प्रकार निराळा. डोंबिवली, कांदिवली, बोरिवली यांतील ‘वली’ ही ‘पल्ली’पासून आलेली असून तेथे मुळातील द्वित्त ल्ल असल्याने मराठीत साधा ‘ल’ राहिला. मुळात एकेरी ‘ल’ दोन स्वरांमध्ये असेल तर त्याचा ‘ळ’ होतो. लोणावळ्यातील ‘ळ’ हा ‘पल्ली’च्या विरुद्ध व ‘आवली’च्या बाजूने साक्ष देतो. म्हणजे ओळ खरी, लेणी मात्र संशयास्पद! आता ‘लवण’ म्हणजे मीठ घ्यावे, की मराठीत डोंगरातील खोलगट वळणासही ‘लवण’ म्हणतात तो अर्थ घ्यावा? पनवेल-पेणकडील मिठागरांतील मीठ बैलांच्या पाठीवर घालून लमाण घाटावर आणीत, आणि त्यांचे ‘लमाण’ हे नावही लवणावरूनच आले असे मानले जाते. मिठाच्या बैलांची ओळ म्हणून लोणावळी, अशी व्युत्पत्ती मांडण्याचा मोह होतो. पण ज्या व्युत्पत्तीत एवढे सुंदर चित्र उमटते तिच्याकडे भाषाशास्त्राने थोडे संशयानेच पाहावे. ज्याने लोणावळा परिसरातील ओढे व दऱ्यांची वळणे पाहिली आहेत त्याला दुसरा अर्थही तितकाच सयुक्तिक वाटेल. प्रस्तुत विषयापुरते महत्त्वाचे इतकेच की, नाव रेल्वेच्या कितीतरी पूर्वीचे आहे. साहेबाने शोधलेल्या जागेस ते पडलेले नाही.

मग नावाचे खेडे नामांकित शहर कसे झाले? ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे कंपनीची पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबईहून ठाण्यास गेली. पुढील तीन वर्षांत लोहमार्ग कल्याणवरून घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत पोहोचला. मुख्य अभियंता जेम्स बर्कली यांच्यापुढे आता सह्याद्रीची भिंत होती. तीवर चढण्यासाठी त्यांनी जो मार्ग आखला तो पळसदरीपाशी समुद्रसपाटीपासून १९६ फुटांवर सुरू होऊन २,०२७ फुटांवर लोणावळ्यास संपतो. सुमारे पावणेसोळा मैलांत १,८३१ फुटांची ही चढण सरासरीने सेहेचाळीस फुटांस एक फूट पडते. कित्येक ठिकाणी सदतिसास एक इतकी ती उभी आहे. वाटेत २५ बोगदे, त्यांची एकत्रित लांबी सव्वादोन मैलांच्या आसपास, व आठ मोठे कमानपूल. एका ठिकाणी कड्यामुळे वळण घेणेच अशक्य झाले. तेथे गाडी एका सपाट कंगोऱ्यावर आणून थांबवावी, इंजिन सोडून मागल्या टोकास जोडावे व उलट दिशेने पुढील चढण चढावी, अशी योजना केली गेली. ही उलटणीची जागा सुमारे सत्तर वर्षे वापरात राहिली व १९२९ च्या सुमारास, विद्युतीकरणाबरोबर नवी आखणी झाली तेव्हा, ती बंद झाली.

या आकड्यांतच आपल्या प्रश्नाचे उत्तर आहे. रस्त्याच्या काळात घाटमाथ्यावरचे मुक्कामाचे गाव खंडाळा हे होते; घाट चढून आलेला प्रवासी तेथे टेकत असे. १८५८ ते १८६३ या पाच वर्षांतही पुण्याकडील गाडी खंडाळ्यासच थांबे व तेथून खोपोलीपर्यंतचा घाट प्रवाशांनी पालखीतून, तट्टावर किंवा गाडीने उतरावा लागे. परंतु लोहमार्गाची चढण खंडाळ्यास संपत नाही, ती पुढे लोणावळ्यास संपते. बैलाला खंडाळा हा माथा होता, इंजिनाला लोणावळा. एका आखणीमुळे माथा तीन मैल सरकला आणि त्याबरोबर शहराचे भवितव्यही सरकले.

कामाचा मक्ता विल्यम फॅव्हियेल यास मिळाला व जानेवारी १८५६ मध्ये काम सुरू झाले. हे काम कसे चालत असे याची कल्पना आज येणे कठीण आहे. डायनामाइटचा शोध अद्याप लागावयाचा होता. काळा पाषाण पहारेने भोके पाडून व बंदुकीच्या दारूने फोडावा लागे. कड्यांवर उभे राहण्यास जागा नसे तेथे माणसांना दोरांनी वरून खाली सोडीत, आणि ती लोंबकळत असतानाच खडकात भोके पाडीत. पाटीत माती व दगड घालून वाहण्याचे काम स्त्रिया व मुले करीत. पावसाळ्यात चार महिने काम जवळजवळ बंद पडे. मजूर गावी परतत आणि दिवाळीनंतर पुन्हा जमा होत. उन्हाळ्यात पाण्याचा दुष्काळ. ज्या मावळात वर्षाकाठी दीडशे-दोनशे इंच पाऊस पडतो, तेथेच मे महिन्यात पिण्याच्या पाण्यासाठी वणवण, हा अनुभव घाटमाथ्यावरील गावांना नवा नाही. पण हजारोंच्या तळावर ती वणवण रोगराईचे रूप घेई. १८५९-६० च्या हंगामात पटकीने तळच्या तळ मोकळे केले.

मजुरांची संख्या १८६१ च्या सुमारास ४२,००० वर गेली. ही माणसे आसपासच्या मावळातली होती, तशीच दख्खनच्या पठारावरून, कोकणातून व खानदेशातूनही आलेली होती. दगडफोडीत पिढीजात निष्णात असलेले वडार त्यांत होते. सोमाटण्यासारख्या गावांतील कुणब्याला भाताच्या कापणीनंतर रोख पैसा मिळवून देणारे असे काम प्रथमच इतके जवळ आले. सोन्याच्या शहरांशी असलेले साम्य येथे सर्वांत ठळक दिसते. पण भेदही येथेच आहे. बॅलरॅटचा खाणवाला स्वतःच्या खड्ड्याचा धनी होता. त्याला सापडलेले सोने त्याचे. बोरघाटातील मजुराला सापडणारा दगड कोणाचाच नव्हता; त्याला हवी होती ठरलेली मजुरी, आणि ती मक्तेदार, पोटमक्तेदार व मुकादम अशा तीन हातांतून गळत गळत त्याच्यापर्यंत येई.

१८५९ च्या जानेवारीत हे गळणे असह्य झाले. पोटमक्तेदारांनी मजुरी थकविली होती. मजूर काठ्या व दगड घेऊन युरोपियन देखरेख्यांवर चालून गेले. १८५७ च्या उठावास दोन वर्षेही झालेली नव्हती, त्यामुळे सरकारात खळबळ उडाली. चौकशी झाली, आणि मजुरांना खरोखरच फसविले गेले होते, हे तीतून निष्पन्न झाले. मार्चमध्ये फॅव्हियेलने मक्ता सोडला. पुढल्याच वर्षी १८६० चा नववा कायदा संमत झाला. रेल्वे, कालवे इत्यादी सार्वजनिक कामांवरील मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्याने तत्काळ निकालात काढावेत, अशी त्यात तरतूद होती. भारतातील कामगारविषयक कायद्यांच्या इतिहासाचा आरंभ सांगताना या कायद्याचा उल्लेख होतो, पण तो कोणत्या डोंगरातून आला हे सहसा सांगितले जात नाही. त्याची दुसरी बाजूही लपविता येत नाही : मजुराने करार मोडून काम सोडल्यास तो फौजदारी गुन्हा ठरविणारी कलमेही त्यातच होती. बॅलरॅट येथे १८५४ च्या डिसेंबरात युरेका नावाच्या तटबंदीवर खाणवाल्यांचा उठाव मोडला गेला, पण वर्षाच्या आत जाचक परवाना रद्द झाला व त्यांना मताधिकार मिळाला. आज तेथे त्या उठावाचे संग्रहालय आहे आणि शाळेतील प्रत्येक मुलास युरेका ठाऊक आहे. आपल्याकडे जानेवारी १८५९ हा महिना लोणावळ्याच्या कोणत्याही प्रवासपुस्तिकेत सापडत नाही. त्या जागी १८७१ मधील मृत गव्हर्नर सापडतो.

फॅव्हियेलनंतर काही काळ कंपनीने स्वतःच काम चालविले. मग मक्ता सॉलोमन ट्रेडवेल याने घेतला. तो १८५९ सालीच येथे आला आणि काही आठवड्यांतच मरण पावला. त्याची पत्नी ॲलिस हिने मक्ता सोडला नाही. ॲडम्सन व क्लाउझर या दोन अनुभवी अभियंत्यांवर व्यवस्था सोपवून तिने काम चालू ठेवले व तडीस नेले. घाटातील कामाच्या छायाचित्रांचा एक संग्रहही तिच्या नावाशी निगडित आहे. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास एका विधवेने एवढ्या मोठ्या बांधकामाचा मक्ता सांभाळावा, ही गोष्ट तत्कालीन इंग्लंडातही विरळ होती. अलीकडे तिच्यावर पुष्कळ लिहिले जाते, ते योग्यच आहे. मात्र तिच्या हाताखाली पाटी वाहणाऱ्या स्त्रियांचीही एक ओळ त्यात असावी, असे वाटते.

२१ एप्रिल १८६३ रोजी गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांच्या हस्ते घाटमार्गाचे उद्घाटन झाले व पुढील महिन्यात नियमित वाहतूक सुरू झाली. बर्कली तो दिवस पाहावयास नव्हते, ते आदल्या वर्षी वारले होते. निसर्गाने कामाची परीक्षा लवकरच घेतली. १८६७ च्या जुलैत महूकी मळी येथील कमानपूल कोसळला व तो नव्याने बांधावा लागला.

काम संपले तसे बेचाळीस हजारांचे तळ उठले. सोने संपल्यावर जसे गाव ओस पडते तसेच येथेही व्हावयास हवे होते. ते झाले नाही, कारण चढण संपली नव्हती. चढण रोजची होती. घाट चढताना प्रत्येक गाडीस जादा इंजिन जोडावे लागे व माथ्यावर आल्यावर ते सोडवावे लागे. घाट उतरणाऱ्या प्रत्येक गाडीचे ब्रेक माथ्यावर तपासल्याविना तिला पुढे जाऊ देता येत नसे. त्यासाठी इंजिनांचे कारखाने, कोळसा, पाणी, चालक, फिटर, फायरमन, त्यांची घरे, त्यांच्या मुलांची शाळा, त्यांचे प्रार्थनामंदिर, हे सर्व लोणावळ्यास आले. किराणा, कापड व दूध विकणारे त्यांच्यामागून आले. १८७७ साली नगरपालिका स्थापन झाली. मुंबईचे श्रीमंत लोक हवा पालटण्यासाठी बंगले बांधू लागले ते या वस्तीच्या आधाराने. थंड हवेने शहर वसविले नाही, वसलेल्या शहरात तिला गिऱ्हाईक मिळाले. आज ज्या चिक्कीसाठी लोणावळा प्रसिद्ध आहे तीसुद्धा रेल्वेवरील मजुरांच्या गूळ-शेंगदाण्यातून आली असे सांगितले जाते. ‘चिक्की’ हा शब्द चीक, चिकट याच कुळातला.

कामाची एक दुसरी लाटही येथे येऊन गेली. १९१० साली टाटांची जलविद्युत कंपनी स्थापन झाली. लोणावळा, वळवण व शिरवटा येथे धरणे बांधून ते पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजगृहावर सोडण्यात आले व १९१५ साली मुंबईस वीज मिळू लागली. रेल्वेने ज्या उताराशी झुंज दिली तोच उतार येथे भांडवल झाला. त्याची किंमत मावळाने शेतीच्या जमिनीत मोजली, आणि शेजारच्या मुळशीत १९२१ नंतर सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली त्याविरुद्ध सत्याग्रह झाला.

या सर्व काळाची भाषेतील खूण कोणती? एक शब्द नमुन्यादाखल घेतो. ‘सुरुंग’ हा शब्द संस्कृत ‘सुरुङ्गा’ याचा वंशज असून कौटिल्याच्या अर्थशास्त्रात त्याचा अर्थ भुयार असा आहे; तो मुळात ग्रीक भाषेतून आला असावा, असे पुष्कळ विद्वान मानतात. मराठीत भुयारी मार्गास ‘बोगदा’ शब्द रूढ झाला आणि ‘सुरुंग’ म्हणजे खडकात ठासलेली दारू, असा अर्थ पक्का झाला. पोकळीचे नाव ती पोकळी पाडणाऱ्या साधनास गेले. कार्ल्यास दान देणारे यवन ज्या डोंगरात आले, त्याच डोंगरात त्यांच्या भाषेतला म्हणून समजला जाणारा शब्द दोन हजार वर्षांनी वडाराच्या तोंडी खेळत होता, ही गंमतीची गोष्ट आहे. घाटातील स्थानकांच्या नावांत ‘ठाकूरवाडी’ हेही एक आहे. कंपनीने आपला लोहमार्ग आखला तेव्हा त्या कड्यांवर ठाकरांची वाडी होती, एवढी साक्ष हे एक नाव देते. शोध लावणाऱ्यांनी ती पाहिली नव्हती, पण रेल्वेला आपल्या पाटीवर लिहावी लागली.

सोमाटण्यास चढण नव्हती. गाडी घोरावाडीवरून तळेगावाकडे जाताना या परिसरात तिला इंजिन बदलावे लागत नसे की ब्रेक तपासावे लागत नसत. ज्या गावात गाडीला थांबणे भाग नाही तेथे शहर होण्यास कारणही नाही. पुढे मोटारींचे युग आले, तळेगावच्या बाजूस कारखाने आले, आणि २००२ साली मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाल्यावर सोमाटणे फाट्याच्या आसपासची खाचरे बिनशेती होऊ लागली. येथे वाहनाला आता थांबावे लागू लागले ते पथकर नाक्यापाशी. जमिनीला सोन्याचा भाव आला, असे गावकरी म्हणू लागले. ही म्हण या लेखाच्या विषयास इतकी जवळची आहे की ती टाळता आली नाही.

या बदलात शेतांची, बांधांची, ओढ्यांची व टेकाडांची नावे प्रथम जातात, कारण सदनिकांच्या संकुलांना ती नको असतात. सोमाटण्यापासून खंडाळ्यापर्यंतच्या गावांतील साठीच्या पुढील माणसांना ती अजून ठाऊक आहेत. त्यांत कोठे ‘लवण’ येते, कोठे ‘लोण’ येते, आणि त्या जागी प्रत्यक्षात खोलगट वळण आहे की मिठाच्या बैलांचा जुना तळ, हे प्रत्येक ठिकाणी पायी जाऊन पडताळता येईल. विभागाच्या विद्यार्थ्यांनी हे काम पावसाळा संपताच हाती घ्यावे. भातकापणीनंतरचे दिवस त्यास सर्वांत सोयीचे, कारण तेव्हा माणसे शेतातच भेटतात.